बाजूचा उजेड

गावाकडच्या आमच्या घराला पाच खिडक्या आहेत. पाचही मी बसवल्या. त्याला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत वडिलांची नजर जात होती आणि मी घर दुरुस्त करत होतो. खिडक्या चांगल्या झाल्या, हे मी आजही म्हणतो. पण गरज डोळ्यांच्या डॉक्टरची होती.

हे सगळं मी आता सरळ सांगू शकतो. रडू येत नाही. खरं तर तेव्हाही आलं नव्हतं, आणि लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे. घर माळवदाचं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचा थर. खिडकी एकही नाही. घराला खिडकी लागते असं आमच्या गल्लीत कुणाला वाटायचंच नाही. भिंतीला भोक पाडलं की उन्हाळ्यात झळ येते, हिवाळ्यात वारं येतं, पोत्यांवर उंदीर येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर थेट चुलीपर्यंत येते. उजेडासाठी माळवदाला हातभर भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणायचे. माय त्या साण्याखाली बसून ज्वारी निवडायची. उन्हाचा तुकडा सरकला की सूप घेऊन तीही सरकायची. पाऊस आला की कुणीतरी वर जाऊन साण्यावर घमेलं पालथं घालायचं, मग दिवसाढवळ्या कंदील लावायचा. यात काही कमी आहे असं घरात कुणाला वाटत नव्हतं.

मला वाटायला लागलं ते एक्क्याऐंशीनंतर. जालन्याला आयटीआयमध्ये मी सुतारकामाला लागलो. शेतकऱ्याच्या पोरानं रंधा धरला म्हणून गावात पुष्कळ चेष्टा झाली, ती मी ऐकून घेतली. तिथले मास्तर खिडकी शिकवायला लागले की बोलतच राहायचे. भिंतीत गाडतात ती चौकट. चौकटीला बिजागरीवर टांगतात ती झडप. झडपेत काच बसवली की ते तावदान. चोरासाठी गज, वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून आकडा, आतून लावायला कडी, खाली-वर सरकणारी ती खिट्टी. मास्तर म्हणायचे की खिडकीचं प्रत्येक अंग कशाला ना कशाला अडवण्यासाठी असतं, फक्त उजेडाला तेवढं सोडायचं. मला ते फार पटलं. सुट्टीत गावी गेलो की आमच्या त्या मुक्या भिंतींचा मला राग यायचा. शिकलेल्या माणसाला येतो तसला, बिनकामाचा राग.

पुढे मी जालन्यातच एका गोदामामागे पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. दारं, चौकटी, खिडक्या. लग्न झालं, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि माय गावीच. शहाऐंशीच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा वडील जेवता जेवता म्हणाले की घरात आजकाल अंधार लई पडून राह्यलाय. मी हसलो. ते घर तीस-चाळीस वर्षं तितकंच अंधारं होतं. पण मनातून मी खूश झालो. आमच्या घरात कुणालातरी शेवटी खिडकी हवी झाली होती, आणि खिडकी करणारा मी होतो. वडील ‘आजकाल’ म्हणाले होते, त्यावर मी जरासुद्धा थांबलो नाही.

पहिल्या खिडकीची चौकट बाभळीची केली. बाभूळ आमच्याच बांधावरची. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो तेव्हा माय म्हणाली, सुताराचं मन बाभळीवर. आमच्याकडे ही म्हण चेष्टेत म्हणतात, तिनंही चेष्टेतच म्हटलं. लाकूड कापून सावलीत वाळू दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मागची भिंत फोडली. भोकावर आधी आडवं लाकूड टाकलं, नाहीतर माळवदच खाली आलं असतं. चौकट उभी केल्यावर वडिलांनी ओळंबा धरला. दोरी चौकटीला कुठे टेकते ते त्यांनी बरोबर सांगितलं, सुताएवढा फरक सांगितला. दाराच्या चौकटीला हळदीकुंकू लावतात, नारळ फोडतात. खिडकीची पूजा करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. वडिलांनी करायला लावली. म्हणाले, तीही चौकटच हाय. मग मायनं खिडकीला हळदीकुंकू लावलं, वडिलांनी आंब्याचा डहाळा बांधला, आणि गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

झडपा फळ्यांच्या होत्या आणि आत उघडत होत्या. मागच्या अंगाला गुरं बांधलेली असायची, बाहेर उघडल्या असत्या तर शिंगात अडकल्या असत्या. महिन्याभरानं गेलो तर वडिलांच्या कानाजवळ खोक पडलेली. उघड्या झडपेचा कोपरा लागला होता. पुढच्या खेपेला त्याच बाजूला दुसरी. मी म्हटलं, चूक माझी, घरात माणसं वावरतात तिथं झडप आत काढायलाच नको होती. बिजागऱ्या काढल्या, झडपा उलट्या टांगल्या, बाहेर उघडतील अशा केल्या. अर्धा दिवस गेला. पंधरा दिवसांत गायीनं एक झडप मोडली, ती पुन्हा करून दिली. बाजूला उघडी असलेली झडप माणसाला दिसत कशी नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मला झडपेचा कोन दिसत होता.

त्यांच्या डोळ्यांचा संशय येण्यासारखं खरंच काही नव्हतं. माळवदावर उभं राहून ते रेणुकाईच्या देवळाचा झेंडा बघायचे आणि वारं कुठलं आहे ते सांगायचे. लांबून येणारी बैलगाडी कुणाची ते ओळखायचे. त्यांनी पेरलेली ओळ दोरी लावल्यासारखी सरळ यायची. मायला सुईत दोरा ओवून तेच द्यायचे. साठीतला माणूस सुईत दोरा ओवतो म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांबद्दल कोण बोलणार?

पण पाण्याच्या तांब्याला पाय लागायचा. बाजूला ठेवलेलं ताट तुडवलं जायचं. दारातून बाहेर पडताना खांदा चौकटीला घासायचा. प्रत्येक वेळी कारण एकच, अंधार. म्हणून मी दुसरी खिडकी आणली, लोखंडी, झेड सेक्शनची म्हणजे झेडच्या आकाराच्या पट्ट्यांची, काचेच्या तावदानांची. त्या काळी जालन्यात नवीन घरांना याच बसवत होते. फळ्यांची झडप लावली की उजेड संपतो. काचेची झडप लावली तरी उजेड येतो आणि वारं बाहेर राहतं. हे मी वडिलांना समजावून सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. खिडकी हसनाबादवरून जाणाऱ्या एसटीच्या टपावर बांधून आणली. कंडक्टरशी भांडण झालं, तो म्हणाला काच फुटली तर मी जबाबदार नाही, मी म्हटलं तुला जबाबदार धरतंय कोण. एक तावदान तडकलं, तेवढंच. काचेची खिडकी बघायला लोक आले. वडील त्यांना आकडा उघडून दाखवत, पुन्हा लावून दाखवत.

त्यानंतर वर्षभरात कधीतरी, जेवण झाल्यावर, मी त्यांना विचारलं की आता तरी उजेड पुरतो का.  कापसात सरकी चाचपावी तसा ते शब्द शोधत होते. मग म्हणाले, “समोरून येतो. बाजूनं न्हाई येत.”

आजाराचं याहून नेमकं वर्णन पुढे डॉक्टरनंही केलं नाही. माणसानं स्वतःच्या तोंडानं, शांतपणे, सगळं सांगून टाकलं होतं. मी उठलो, पिशवीतून टेप काढला आणि पूर्वेची न् पश्चिमेची भिंत मापायला लागलो.

म्हणून तिसरी आणि चौथी या खिडक्या बाजूच्या भिंतींना आल्या. दोन्ही लहान. झडप वरून टांगलेली, खालून बाहेर ढकलायची आणि आकड्यावर ठेवायची. पाऊस आला तरी उघडी राहते, पाणी झडपेवरून ओघळून जातं. आमच्या भागात अशी खिडकी तोवर कुणी केली नव्हती. मला तिचा अभिमान होता, आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही.

चौथी बसवायच्या दिवशी टेंभुर्णीला डोळ्यांचं शिबिर होतं. गावातली पाच-सहा म्हातारी माणसं एका जीपमधून निघाली होती. जीप आमच्या दारासमोर थांबली. एक जागा रिकामी होती. माय बाहेर आली आणि मला म्हणाली की दादाला पाठव, दाखवून तं येऊ दे. मी भिंतीत पहार घातली होती, अंगभर माती होती, जेवणाच्या आधी चौकट उभी करायची होती, आणि ओळंबा धरायला वडील पाहिजे होते. मी म्हणालो, “माय, दादाचे डोळे बराबर हायेत. अंधार घरात हाय.”

वडील तिथंच ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. मायकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे हा म्हणतो ते बरोबर. जीप गेली. आम्ही दोघांनी मिळून जेवणाच्या आत चौकट उभी केली.

पाचवी खिडकी मी ब्याण्णवला बसवली, समोरच्या भिंतीला. ती सागवानी आहे. मोठी, दोन झडपांची, आणि भिंत जाड असल्यामुळे आतून बसता येईल असा रुंद कट्टा. आयुष्यात मी हजारभर खिडक्या केल्या असतील, तिच्या तोडीची दुसरी नाही. सांधे असे बसले की नख शिरत नाही. वडील सकाळी त्या कट्ट्यावर बसायचे, पाठीला उशी, समोर गल्ली. येणारा-जाणारा बाजूनं येऊन रामराम घालायचा आणि ते उत्तर द्यायचे नाहीत. तो समोर आला की दचकून म्हणायचे, कधी आल्ता रे तू. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला खिडकी आल्यापासून गर्व आला.

माझ्या बायकोला ते पटलं नाही. ती फार बोलणारी नाही, पण बघते. त्या वर्षी सुगीनंतर आम्ही गावी होतो. तिनं चहाची बशी कट्ट्यावर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि मामा, चहा, असं म्हणाली. ते समोर बघत राहिले आणि हात हवेत फिरवत बशी शोधायला लागले. बशी वीतभर अंतरावर होती. भर दुपार होती, पाचही खिडक्या उघड्या होत्या, घरात इतका उजेड होता की जमिनीवरची मुंगी दिसत होती. तिनं बशी त्यांच्या हातात दिली. मग त्यांच्या कानाजवळ स्वतःचा हात धरला आणि बोटं हलवली. ते चहा पीत होते. दुसऱ्या बाजूनं तसंच केलं. ते चहा पीत होते. ती माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “घर पुरे झालं. आता मामांना दाखवा.”

औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासायला तासभर घेतला. गोल रेषांच्या एका कागदावर ते पेन्सिलनं खुणा करत गेले. मग बाहेरचा सगळा भाग त्यांनी काळा केला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मधे, वडिलांना दिसत होतं तेवढं, थोडंसं पांढरं उरलं होतं, आमच्या माळवदाच्या साण्याएवढं. काचबिंदू, ते म्हणाले. दुखत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणूस येत नाही. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर काही वर्षं टिकवू. त्यांनी विचारलं की अडखळणं, आपटणं कधीपासून आहे. मला सगळं पाठ होतं. बाभळीची बसवली तेव्हा झडप लागली. काचेची बसवली तेव्हा तांबे सांडायला लागले होते. बाजूच्या दोन बसवल्या त्याच्या आधी ते स्वतःच म्हणाले होते. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी विचारलं की तुम्ही काय काम करता. मी सांगितलं. ते पुन्हा लिहायला लागले.

येताना एसटीत वडील खिडकीशी बसले. मी त्यांना एवढंच सांगितलं की डोळ्यांत थेंब घालावे लागतील. त्यांनी बरं म्हटलं. बदनापूर येईपर्यंत मी सरकत्या काचेचं रबर बघत होतो. ते एका बाजूनं सुटलं होतं. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचीच मला भीती वाटत होती. त्या दिवशी जे बधिर झालं ते पुढे बरीच वर्षं तसंच राहिलं. कामं होत होती, पोरांची शिक्षणं झाली, शेड मोठी झाली, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. कुणी विचारलं कसं चाललंय, तर मी म्हणायचो, बराबर आहे.

थेंब माय घालायची. उजेड तरीही कडेनं आकसत गेला आणि नव्याण्णवच्या आसपास संपला. गावात एक वेगळंच बोलणं सुरू झालं होतं. जन्मभर अंधारात राहिलेल्या माणसाच्या घराला एकदम पाच खिडक्या केल्या, इतक्या उजेडानं डोळे जळले. पोरानं हौसेपायी बापाचे डोळे घालवले. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी रागावलो नाही. त्यांनी दिलेलं कारण चुकीचं होतं. माणूस त्यांनी बरोबर धरला होता.

वडिलांचा या बोलण्यावर बिलकुल विश्वास नव्हता. ते उलटंच सांगायचे. पोरानं खिडक्या केल्या म्हणून इतकी वर्षं तरी दिसलं, न्हाईतर कवाच गेले असते डोळे. ओट्यावर बसून ते हे कुणालाही सांगायचे, माझ्यादेखत सांगायचे. मी खाली मान घालून ऐकायचो. लोकांची शिवी सोसता येत होती. हे कौतुक सोसवत नव्हतं.

डोळे पूर्ण गेल्यावर त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. सकाळी उठलं की भिंतीला हात लावत घरभर फिरायचं आणि पाचही खिडक्या उघडायच्या. संध्याकाळी तसंच फिरून लावायच्या. त्यांच्या बोटांना सगळं ठाऊक होतं. बाभळीच्या चौकटीचा खडबडीतपणा, लोखंडीचा गारवा, वरून टांगलेल्या झडपांचे आकडे, सागवानीची खिट्टी. ऊन कुठल्या खिडकीत गरम लागतं त्यावरून ते वेळ सांगायचे, आणि ती फारशी चुकत नसे.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मी त्यांना सांगितलं. ठरवून गेलो नव्हतो. मागच्या खिडकीची बिजागरी तेल मागत होती, मी तेल घालत होतो, ते कट्ट्यावर बसले होते. कुणीतरी रामराम घातला आणि त्याला त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, पोरानं खिडक्या केल्या म्हणून. तो माणूस गेल्यावर मी तेलाची डबी खाली ठेवली. म्हटलं की दादा, खिडक्यांनी काही झालं नाही. घरात अंधार नव्हताच. तुम्ही बाजूनं उजेड येत नाही म्हणालात तेव्हा डोळे जात होते, तेव्हाच दाखवलं असतं तर उरलेली नजर राहिली असती. टेंभुर्णीच्या शिबिराला जीपमध्ये जागा होती, मीच जाऊ दिलं नाही. सगळं ओळीनं सांगितलं. आवाज सपाट होता, मला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मला वाटलं, आता शिवी येईल. मला ती हवी होती. दहा वर्षं मी तिची वाट बघत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

ते म्हणाले, “मला वाटलंच होतं डोळ्याचं हाय. मंग तू म्हणला, अंधार घरात हाय. तू शिकून आल्ता. मी म्हणलो, मंग तसंच असंल.”

एवढं बोलून ते उठले, कारण कट्ट्यावरचं ऊन गेलं होतं. भिंतीला हात लावत त्यांनी मागची खिडकी लावली, मग लोखंडी, मग बाजूच्या दोन. प्रत्येक कडी लावून ओढून बघितली. शेवटी सागवानीपाशी आले, झडपा ओढल्या, खिट्टी खाली केली. ती थोडी अडकली. मी पुढे झालो तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि स्वतःच दाबून बसवली. मग दोन झडपा जिथं मिळतात त्या फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत नेलं. म्हणाले, “बराबर बसलीये. उजेड कुठूनच येत न्हाई.”